पडत्या जिगवर स्ट्रायपर

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत, सँडी हुकपासून बार्नेगट इनलेटपर्यंत, स्ट्राइप्ड बास उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असतो. इथे त्याला सगळे स्ट्रायपर म्हणतात. आम्ही चौघे मित्र २३ फुटी बोटीतून त्याच्यासाठी जिगिंग करतो. धातूची किंवा शिशाच्या डोक्याची जड जिग उभी तळाशी सोडायची आणि रॉडने वरखाली खेळवायची, एवढीच याची व्याख्या. एडिसन-वुडब्रिज या इथल्या गावांकडची मराठी मंडळी आधी विचारतात ते जिगच्या रंगाबद्दल. रंगाने फरक पडतो, पण तो अगदी शेवटी. जिग वर खेचताना स्ट्रायपर क्वचित लागतो. बहुतेक वेळा तो लागतो ती खाली पडत असताना. आणि जिग सरळ पडेल की तिरकी फरफटत जाईल, हे रॉडपेक्षा बोट कशी वाहते आहे त्यावर ठरतं. म्हणून इथे बोटीबद्दल जास्त लिहिलं आहे.

जिताडा माहीत असेल तर स्ट्रायपरचं आयुष्य त्याच्या उलट समजा. जिताडा खाऱ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं वाढायला गोड्या पाण्याकडे जातात. स्ट्रायपर वसंतात चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन यांच्या गोड्या पाण्यात अंडी घालतो; मोठे मासे मग उन्हाळ्यात मेन राज्यापर्यंत वर जातात आणि थंडी पडू लागली की खाली येतात. खाली येताना ते अखंड खात असतात. आमच्या पट्ट्यात त्यांचं खाणं मुख्यतः दोन प्रकारचं. एक बंकर, म्हणजे मेनहेडन, आपल्या तारली-पाल्याच्या कुळातला तेलकट मासा, फूटभर लांबीचा. दुसरा सँड ईल, चार-सहा इंचांचा, पेन्सिलीहून बारीक, वाळूत स्वतःला पुरून घेणारा. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात बंकर आणि त्यामागे मोठे स्ट्रायपर, नोव्हेंबरच्या शेवटाकडे सँड ईल आणि मध्यम मासे, असा साधारण क्रम असतो. पाण्याचं तापमान १० ते १५ अंश सेल्सिअस असताना मासा सर्वांत जोरात खातो. सातच्या खाली गेलं की तो सुस्तावतो.

समोर कोणतं खाणं आहे हे कळल्याशिवाय जिग निवडायची नाही. पहिला मासा हातात आला की त्याची हनुवटी बघा. ती लाल, खरचटलेली असेल तर तो वाळूत तोंड खुपसून सँड ईल उकरतो आहे. तेव्हा बारीक, लांबट डायमंड जिग लागते: चौकोनी कडांची, चकचकीत क्रोम मुलाम्याची, मागे एकच ७/० आकाराचा गळ आणि त्यावर रबरी नळी. नळी हिरवी, लाल किंवा काळी. सँड ईल फारच लहान असतील तर नळी काढून नुसता गळ ठेवतो. अशा दिवशी नळीवाल्या जिगकडे मासे येतात आणि वळून जातात. बंकर असेल तर फ्लटर स्पून: सात ते नऊ इंचांचा रुंद, वाकलेला पत्रा, वजन तीन ते सहा औंस. तो पडताना डावी-उजवीकडे झोके घेत, मरणाऱ्या बंकरसारखा लकाकत खाली जातो. मासे तळापासून बरेच वर, पाण्याच्या मध्यावर तरंगत असतील तर दोन-तीन औंसांच्या जिगहेडवर सात-आठ इंचांचा रबरी मासा चालतो आणि तो उभा खेळवण्यापेक्षा हळू गुंडाळत वर आणणं बरं.

गळाबद्दल आग्रहाने सांगतो. दुकानातून आलेल्या बहुतेक मोठ्या स्पूनवर तीन काट्यांचा ट्रेबल गळ असतो. तो काढून मजबूत एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासे सुटतील अशी भीती वाटते, पण दोरी ताणलेली ठेवली तर फरक जाणवत नाही. जो फरक पडतो तो मासा सोडताना: एकेरी गळ क्षणात निघतो, ट्रेबल जबड्यात, जाळ्यात आणि कधी आपल्या बोटात अडकून बसतो.

रॉड सात फुटी, एक ते चार औंस वजन पेलणारा, टोकाला चपळ पण बुंध्याला ताकदवान. स्पूनसाठी थोडा मऊ रॉड चांगला. रील आडव्या स्पूलचं (दोरी गुंडाळायच्या चकरीचं) असेल तर उत्तम, कारण जिग सोडताना अंगठा स्पूलवर ठेवता येतो. नेहमीचं स्पिनिंग रील असेल तर ४००० ते ६००० आकाराचं, आणि सोडताना तर्जनी स्पूलच्या कडेला टेकलेली. दोरी ३० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, शक्यतो दर दहा मीटरला रंग बदलणारी; तिचा उपयोग पुढे येतो. तिच्यापुढे गळाकडे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा (पारदर्शक तंतूचा) चार फूट लीडर, स्पूनसाठी ५० पौंडी. ब्रेडेड आणि लीडर जोडायला घरी एफजी गाठ. हलत्या बोटीत गार हातांनी ती नीट बसत नाही, तिथे डबल युनी पुरे: ब्रेडेडच्या बाजूने सहा-सात वेढे, लीडरच्या बाजूने चार. गाठ आवळण्याआधी ओली करायची, नाहीतर घर्षणाने फ्लुरोकार्बन तिथेच कमजोर होतो. स्पूनच्या वर स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, हवाच. नसेल तर तासाभरात दोरीला इतका पीळ बसतो की ती रॉडच्या टोकाभोवती गुंडाळू लागते. तयार लीडर फोमच्या नळीवर गुंडाळून नेतो, माणशी तीन.

ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, अंदाजाने लावू नका. वजनकाटा लीडरला अडकवा, रॉड ४५ अंशांत धरा आणि दोरी सुटू लागते तो आकडा बघा. सात ते आठ पौंड योग्य. रीलवरून थेट ओढून मोजलेला आकडा खोटा ठरतो, कारण रॉडच्या कड्यांमधून जाताना घर्षण वाढतं. बोटीच्या कडेला येऊन सुटणाऱ्या माशांचं सर्वांत मोठं कारण हेच: मासा जवळ आला म्हणून ड्रॅग आवळला जातो, तो शेवटची उडी खाली मारतो आणि गळ सरळ होतो.

निघायचं की नाही हे वारा ठरवतो. या किनाऱ्याला जमीन पश्चिमेला. पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो, म्हणजे आपले मतलई वारे, आणि किनाऱ्याजवळचं पाणी तो सपाट ठेवतो. पूर्व आणि दक्षिणेचा वारा समुद्रावरून लाटा घेऊन येतो. आदल्या रात्री आणि पहाटे ४४०६५ आणि ४४०२५ या दोन तरंगत्या हवामान केंद्रांचे आकडे बघतो. पहिलं न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, दुसरं लाँग आयलंडच्या दक्षिणेला आत समुद्रात. नुसती लाटेची उंची पुरेशी नाही, दोन लाटांमधले सेकंदही हवेत. तीन फुटांची लाट नऊ सेकंदांनी येत असेल तर बोट नुसती वरखाली होते. तीच चार सेकंदांनी येत असेल तर उभं राहता येत नाही, आणि उभं राहता आलं नाही तर जिगिंग होत नाही. उंचीच्या फुटांच्या दुपटीपेक्षा सेकंद कमी असतील तर जात नाही. सलग १५ नॉटच्या वर वारा असेल तरी नाही, मग तो पश्चिमेचा का असेना, कारण जमिनीवरून येणारा वारा इंजिन बंद पडलं तर बोट बाहेर समुद्रातच नेतो. मॅनस्क्वान किंवा बार्नेगटच्या तोंडातून बाहेर पडताना ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत अशी गाठ पडली तर तिथे उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. तेव्हा भरती लागेपर्यंत आत थांबायचं.

नोव्हेंबरच्या मध्यात पाणी ११-१२ अंशांचं असतं. त्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत हात निकामी होऊ लागतात. म्हणून जाकीट पेटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. सुकाणूवरच्या माणसाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची. २६ फुटांपेक्षा लहान बोटींना १ एप्रिल २०२१ पासून तो देशभर कायदाच आहे. व्हीएचएफ रेडिओ १६ क्रमांकाच्या वाहिनीवर चालू. न्यू जर्सीत बोट चालवणाऱ्याकडे सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि १६ वर्षांवरच्या प्रत्येकाने खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीची राज्याची मोफत नोंदणी केलेली असावी लागते.

आता मासे शोधणं. लांबून दिसतात ते पक्षी. गॅनेट नावाचा मोठा पांढरा पक्षी उंचावरून पंख मिटून सूर मारत असेल तर खाली बंकर किंवा हेरिंग आहे. लहान गल, म्हणजे कुरव पक्षी, पाण्याला चोची लावत घिरट्या घालत असतील तर बारीक खाणं आहे. सगळ्या बोटी उडत्या पक्ष्यांमागे धावतात. आम्हाला पाण्यावर बसलेले पक्षी जास्त आवडतात: शे-दीडशे गल एकाच दिशेला तोंड करून बसलेले, उडायला तयार नाहीत. म्हणजे खाणं इथेच होतं, खाली गेलं आहे, आणि पक्षी त्याची वाट बघताहेत. तिथे चार नॉट वेगाने सरळ रेषेत जात फिश फाइंडरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी खालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे लक्ष ठेवायचं. बंकरचे मोठे घट्ट गोळे दिसतात. सँड ईल तळालगत धुरकट पट्ट्यासारखे, नवख्याला तो तळाचाच भाग वाटतो. स्ट्रायपर म्हणजे सुट्या जाड कमानी किंवा तिरक्या रेघा, बहुतेक वेळा त्या गोळ्याच्या खाली किंवा कडेला.

पडद्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. उजवीकडची शेवटची उभी रेघ एवढंच वर्तमान. डावीकडे जे आहे ते मागे पडलेलं पाणी. आणि ध्वनिलहरींच्या २० अंशांच्या शंकूत ४० फूट खोलीवर तळाचा जेमतेम १४ फूट रुंद भाग दिसतो. पडद्यावर मासे दिसले म्हणून तिथेच इंजिन थांबवून जिग सोडली तर ती माशांवर पडत नाही, मासे राहिलेले असतात मागे.

म्हणून आमची पद्धत अशी. माशांवर खूण केली की थांबायचं नाही, थोडं पुढे जाऊन इंजिन न्यूट्रलमध्ये टाकायचं आणि एक मिनिट काहीही न करता बोट वाहू द्यायची. प्लॉटरवर, म्हणजे बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर, उमटलेली ती छोटी रेघ सांगते बोट कुठल्या दिशेला आणि किती वेगाने वाहते आहे. मग लांबून वळसा घेऊन, माशांच्या डोक्यावरून न जाता, त्या रेघेच्या उलट दिशेला खुणेपासून दीडशे फूट मागे बोट आणायची. आता वाहत वाहत ती माशांवरूनच जाणार. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण शंभर फूट. शंभर फूट लांबीचा थवा एका मिनिटात मागे पडतो, त्यामुळे जिग आधीच तळाशी तयार हवी. मासे संपले की पुन्हा लांबून वळसा आणि पुन्हा तीच रेघ. प्रत्येक मासा लागला की तांडेलने प्लॉटरवर खूण मारायची. दोन-तीन फेऱ्यांत त्या खुणा मिळून थव्याचा आकार दाखवू लागतात.

वाहण्याचा वेग अर्धा ते सव्वा नॉट असेल तर उत्तम. दीडच्या वर गेला की जिग तळावर टिकत नाही, दोरी तिरकी जाते, जिग पडत नाही तर ओढली जाते, आणि मासे पडद्यावर दिसूनही कोणाला काही लागत नाही. अशा वेळी सगळे जिग बदलत बसतात. बदलायचा असतो तो वेग. बोटीच्या नाळेला पाण्यातलं कापडी पॅराशूट, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, बांधला की वेग बराच उतरतो. तो नसेल तर वजन वाढवा. सुरुवात दर दहा फुटांना पाऊण औंस या हिशेबाने: ४० फुटांत तीन औंस, ६० फुटांत साडेचार. दोरी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त कलली की एक औंस चढवायचा. उघड्या समुद्रात इथे बोट मुख्यतः वारा वाहवतो. सँडी हुकच्या टोकाशी आणि रॅरिटन बेमध्ये पाण्याची ओढ. वारा आणि ओढ विरुद्ध असतील तर बोट जवळजवळ उभी राहते; एका दिशेला असतील तर उधाणाच्या दिवशी तीन नॉटही होतात आणि तिथे जिगिंग सोडून द्यावं लागतं.

चौघे कुठे उभे राहतात हे तितकंच महत्त्वाचं. बोट वाऱ्याने वाहते तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूने सोडलेली दोरी बोटीपासून लांब जाते आणि दुसऱ्या बाजूने सोडलेली बोटीखाली जाऊन तळाला घासते. म्हणून सगळे एकाच, वाऱ्याकडच्या बाजूला. वेग जास्त असेल तर एखाद्याने पलीकडून, बोट जाते आहे त्या दिशेला, जिग वीस-तीस फूट लांब फेकावी. ती तळाला टेकेपर्यंत बोट तिच्या डोक्यावर येते, तेवढा वेळ ती अगदी उभी खेळते, आणि बोटीखाली जाण्याआधी गुंडाळून घ्यायची. सगळ्यांच्या जिगचं वजन सारखं ठेवतो. एकाची दोन औंस आणि शेजाऱ्याची चार असली की दोन दोऱ्या दोन कोनांत जातात आणि पाच मिनिटांत गुंता. तांडेल ठरलेला: ड्रिफ्ट, म्हणजे बोटीचं वाहणं, नीट लागेपर्यंत तो रॉडला हात लावत नाही. दर तासाला तांडेल बदलतो.

तांडेल पडद्यावर बघून ओरडतो, ‘तळ पंचेचाळीस, मासे तिसाला.’ तीस फूट म्हणजे नऊ मीटर, म्हणजे दोरीचा पहिला रंग संपण्याच्या जरा आधी. रंगीत दोरीचा उपयोग हा.

जिग सोडताना अंगठा स्पूलवर हलकाच. पूर्ण मोकळी सोडली तर पडताना गळ उलटून लीडरला अडकतो आणि मग वर आणेपर्यंत पत्ताच लागत नाही. पडता पडता दोरी तळाच्या आधीच थांबली, तर मासा आहे. रील बंद करून गुंडाळायला लागायचं. ज्यांना मासे कमी लागतात त्यांच्यातले बरेच जण हाच क्षण घालवतात, तळ आला असं समजून. म्हणून पहिल्यांदाच खोली किती ते बघून ठेवायची. तळाला टेकली की दुसऱ्या सेकंदाला रील बंद. उशीर झाला की ब्रेडेडचा पोटासारखा फुगा होतो, जिग आडवी पडते आणि श्रूजबरी रॉक्ससारख्या खडकाळ जागी तिथेच राहते.

डायमंड जिगची चाल साधी. तळाला टेकवा, दोन फुटांचा उचल, पुन्हा सोडा, वाळूवर धप्पकन आपटू द्या. सँड ईल वाळूतून निघताना जशी धूळ उडते तशी ती उडते. असं तीन-चार वेळा, मग सहा ते दहा फेरे सावकाश गुंडाळा आणि परत खाली सोडा. जलद गुंडाळणं ब्लूफिश या दुसऱ्या माशासाठी. स्ट्रायपरला सावकाश लागतं. सोडताना रॉडचं टोक जिगच्या मागोमाग खाली न्यायचं, दोरी ना ताणलेली ना सैल. ताणलेली असेल तर जिग झोके न घेता येते, सैल असेल तर झटका कळत नाही. जिगच्या वर दीड फुटावर छोटा रबरी टीझर, म्हणजे जादा आमिष, लावला तर सँड ईलच्या दिवसांत बरेचदा मासा त्यालाच लागतो. ब्लूफिश आले की टीझर काढायचा, नाहीतर एका जिगवर दोन मासे दोन दिशांना ओढून लीडर तोडतात.

फ्लटर स्पूनची चाल वेगळी आणि अवघड. रॉड आडव्यातून वर, तीन-चार फूट, एका दमात पण झटका न देता. मग टोक पटकन खाली आणून दोरीला मुद्दाम किंचित सैल द्यायची. पत्रा झोके घेतो तो या सैलपणामुळेच. मासा लागल्याचं इथे झटक्याने कळत नाही; खाली जाणारं वजन एकदम नाहीसं होतं, दोरी हलकी लागते. तेव्हा रॉड उचलायचा नाही, आधी सैल गुंडाळून घ्यायची आणि वजन हाताला लागलं की मगच उचलायचा. सैल दोरीवर रॉड झटकला की स्पून माशाच्या तोंडातून निघून येतो. हे हाताला बसायला वेळ लागतो, पण मोठा मासा हवा असेल तर बंकरच्या दिवसांत याच्याइतकं प्रभावी दुसरं काही नाही.

मासा लागला की ‘लागला’ म्हणून ओरडायचं. त्याच्या लगतचे दोघे दोऱ्या वर घेतात, चौथा खेळवत राहतो, कारण लागलेल्या माशामागे बाकीचे चवताळून वर येतात. मासा पहिली धाव तळाकडे घेतो. तेव्हा गुंडाळायचं नाही. दोरी सुटत असताना रील फिरवली की स्पिनिंग रीलवर दर फेऱ्याला पीळ चढतो. रॉड ४५ अंशांच्या वर उभा करायचा नाही, बोटीच्या कडेला असताना तर अजिबात नाही, तिथेच रॉडचं टोक मोडतं. रबरी, बिनगाठीचं जाळं पाण्यात स्थिर धरायचं आणि माशाला डोक्याकडून त्यात आणायचं. जाळं घेऊन माशामागे धावलं की तो गळासकट सुटतो. लोखंडी आकडा (गॅफ) मारून स्ट्रायपर वर घ्यायला २०२२ च्या नियमांपासून बंदी आहे.

त्यानंतर मोजमाप. न्यू जर्सीच्या समुद्रात माणशी दिवसाला एक मासा, २८ ते ३१ इंचांचा. शेपटीची टोकं एकत्र दाबून तोंड मिटलेलं असताना. वरची ३१ इंचांची मर्यादा मे २०२३ मध्ये तातडीने आली आणि पुढे कायम ठेवली गेली. नियम वर्षागणिक बदलतात, निघण्यापूर्वी राज्याच्या पानावर बघून घ्या. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे स्ट्रायपर पकडणंच १९९० पासून बेकायदा आहे, सोडून देण्यासाठीसुद्धा. पक्षी मैलभर पुढे दिसत असले तरी प्लॉटरवरची ती रेघ ओलांडायची नाही.

हे नियम आम्ही मनापासून पाळतो. १९८० च्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. १९९५ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ मध्ये आलेल्या मूल्यमापनात तो पुन्हा जास्त पकडला गेल्याचं दिसलं, आणि त्या वर्षापासून चेसापीकच्या मेरीलँडकडच्या भागात पिल्लांची मोजणी वर्षामागून वर्ष सरासरीच्या खालीच आली आहे. ३१ इंचांवरची मादी लाखांनी अंडी घालते. तिला सोडणं जितकं महत्त्वाचं तितकंच नीट सोडणं. हिशेबात सोडलेल्या माशांपैकी नऊ टक्के मरतात असं धरलं जातं, आणि सगळा किनारा मिळून सोडले जाणारे मासे इतके असतात की ते नऊ टक्के फार मोठे होतात. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवून पक्कड, फुटपट्टी आणि कॅमेरा तयार करायचे. हात ओले. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगायचा नाही, एक हात पोटाखाली. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही. परत सोडताना खालचा जबडा अंगठ्याने धरून तोंड येणाऱ्या ओढीसमोर करायचं. तो अंगठ्यावर जबडा आवळतो तेव्हा जायला तयार असतो. दात खरखरीत, कापत नाहीत. कापतात ते कल्ल्याच्या झाकणाच्या कडा आणि टोचतात पाठीच्या पराचे काटे, तिकडे बोटं नेऊ नका.

काही लागत नाही तेव्हा काय? पडद्यावर मासे आहेत, वेग बरोबर आहे, तरी शांत: बहुतेक वेळा पाणी थांबलेलं असतं. भरती-ओहोटीच्या मधल्या त्या वेळात जागा न सोडता वाट बघायची. ओढ पुन्हा लागली की दहा-पंधरा मिनिटांत खाणं सुरू होतं. भांगाच्या दिवसांत हा थांबा लांबतो. त्यातही काही झालं नाही तर जिग आकाराने लहान करा, मगच रंग. तळाशी एकामागून एक काटेरी डॉगफिश, म्हणजे छोटे शार्क, येऊ लागले तर जिग तळावरून दहा फूट वर खेळवा. तरी थांबले नाहीत तर जागा बदला. त्यांच्या पाठीवरच्या दोन्ही परांपुढे विषारी काटा असतो, गळ काढताना हातमोजे घाला.

ठेवायचा मासा लगेच कल्ले कापून पाच मिनिटं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्यायचा, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा मिश्रणात पूर्ण बुडवून ठेवायचा. पाण्याशिवाय नुसता बर्फ वरून टाकला तर पोट आणि पाठ सारखे गार होत नाहीत. बोटीवर मासा सोलून त्याचे तुकडे करणं चालत नाही, कारण लांबी तपासता आली पाहिजे. धक्क्यावर आल्यावरच सुरी. कातडीखाली बाजूने जाणारा गडद लाल पट्टा आणि पोटाची चरबी काढून टाकायची. वास तिथेच असतो, आणि पीसीबीसारखी प्रदूषकंही चरबीतच साठतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी राज्याचा खाण्याबाबतचा सल्ला वेगळा आहे, तो वाचा. उरतं ते पांढरं, मोठ्या पदरांचं मांस. सुरमईसारख्या आडव्या तुकड्या करू नका, मधला काटा काढून दोन इंच रुंद, काटकोनात कापलेले जाड तुकडे करा. हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास, मग रव्यात घोळवून मंद आचेवर, कारण तुकडा इंचभर जाड असतो आणि मोठ्या आचेवर रवा करपतो तेव्हा आतलं मांस कच्चंच असतं.